बिनचेहऱ्याचा मांडव

माझे वडील गेले ते एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, मेयरच्या निवडणुकीला बरोब्बर महिना उरलेला असताना. ही वेळ त्यांनी काही निवडली नव्हती, हे मला मान्य आहे. पण जन्मभर जो माणूस उमेदवारांच्या सावलीलाही उभा राहिला नाही, त्याला सान एलियास शहरात मरायला याहून वाईट महिना शोधूनही सापडला नसता.

सगळं शहर त्यांना मास्तर क्लेतो म्हणायचं. एकतीस वर्षं त्यांनी शाळेत शिकवलं आणि तेवढीच वर्षं प्रत्येक निवडणुकीत मतपेटीशेजारी बसले. प्रचार सुरू झाला की आमच्या फाटकावर कोणी ना कोणी पोस्टर चिकटवून जायचं, आणि सकाळी ताताय, म्हणजे माझे वडील, कढत पाण्याची किटली आणि स्वयंपाकघरातलं उलथनं घेऊन ते खरवडायला बसायचे. पक्ष कोणताही असो, उलथनं तेच. नानायची, म्हणजे माझ्या आईची, अशी तीन उलथनी त्यांनी वाकवली. ती दर वेळी कुरकुरायची आणि दर वेळी किटली भरून द्यायची.

शेवटच्या दिवशी इस्पितळात त्यांनी माझं मनगट धरलं. "हिल्दो," ते म्हणाले, "माझ्या शवपेटीशेजारी या उमेदवारांचं तोंड नको. एकाचंही."

"नाही येणार, ताताय."

त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. का, ते मला ठाऊक होतं. मी नगरपालिकेत बाजार विभागात कारकून आहे. गेली एकोणीस वर्षं तात्पुरता आहे. दर सहा महिन्यांनी माझं कंत्राट नवं होतं, आणि दर सहा महिन्यांनी मी आठवडाभर सगळ्यांशी फार गोड बोलतो. ही नोकरी मला मेयरच्या चिठ्ठीवर लागली. ताताय त्यावर एक शब्द बोलले नाहीत. फक्त त्या दिवसानंतर त्यांनी नगरपालिकेची पायरी चढली नाही. पेन्शनचा कागद असला तरी नानायला पाठवायचे.

तर असं वचन मी दिलं, आणि ते पाळायला लागणार होता एक मांडव. आमच्या घराला दोनच खोल्या. बाहेरच्या खोलीत पेटी ठेवली की उरलेल्या जागेत पेटीवर रडणारी माणसं तेवढी मावतात. बाकीचे रस्त्यावर बसतात, दफनापर्यंत पाच दिवस, कॉफी पीत आणि भुईमुगाच्या शेंगा फोडत. एप्रिलच्या उन्हात आमच्या रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं. तेव्हा मांडव हवा. साधा, सावली देणारा, कोणाचं तोंड नसलेला. मी मनाशी म्हटलं, दुपारपर्यंत काम होईल.

"तोंड नसलेला मांडव?" समोरच्या दुकानातल्या आलिंग सेपा, म्हणजे सेपामावशी, म्हणाल्या. "अरे बाळा, या शहरात तोंड नसलेली तांदळाची पिशवी तरी मिळते का? रुग्णवाहिकेवर तोंड, बसथांब्यावर तोंड. परवा मी पंखा विकत घेतला, हातातला, वारा घ्यायचा, त्यावर दोन्ही बाजूंनी तोंड. वारा घ्यावा की लाजावं?"

आलिंग सेपांच्या दुकानाच्या पाटीवरही मेयर होते, पण शोकाच्या घरी असल्या गोष्टी काढू नयेत म्हणून मी मेणबत्त्या घेऊन निघालो.

आमच्याकडे माणूस गेला की नातेवाइकांच्या आधी उमेदवारांना कळतं. मांडव येतो, खुर्च्या येतात, आणि एक फ्लेक्स येतो. फ्लेक्सवर कोपऱ्यात मयताचा पासपोर्टएवढा फोटो आणि उरलेल्या जागेत मेयर, बत्तीस दात दाखवत, अंगठा वर केलेला. खाली लिहिलेलं असतं, 'आपल्या दुःखात सहभागी'.

मी आधी चर्चमध्ये गेलो. फादर म्हणाले, "आहे की! पांढराशुभ्र आहे." आम्ही दोघांनी मिळून तो अंगणात उलगडला. खरंच पांढरा होता. मधोमध 'चर्चला सप्रेम भेट' आणि त्याखाली मेयर रोल्दान व्हिलार्मिनो, कमरेपासून वर.

"हात जोडलेले आहेत," फादर अपराधी स्वरात म्हणाले. "त्यातल्या त्यात."

पेटी ज्यांच्याकडून घेतली त्यांच्याकडेही मांडव होता. त्यावर ज्युडेल व्हिलार्मिनो होता, मेयरचा सख्खा पुतण्या, जो यंदा काकाविरुद्ध उभा होता. काका नारिंगी, पुतण्या हिरवा. नाक दोघांचं एकच. मग गेलो आमच्या वस्तीच्या कप्तानाकडे, म्हणजे निवडून आलेल्या प्रमुखाकडे. कप्तान विसेंगच्या मांडवावर कप्तान विसेंग स्वतः होते.

"माझ्याही तोंडाला हरकत आहे तुझी?" त्यांनी विचारलं.

"तसं तुमच्याबद्दल वैयक्तिक काही नाही, कप्तान."

"तोंड वैयक्तिकच असतं, हिल्दो," ते म्हणाले, आणि खुर्ची वळवून भिंतीकडे तोंड करून बसले. मयत माझ्या घरी होतं आणि समजूत मी त्यांची काढत होतो. जाताना ते म्हणाले की वाटल्यास चुना लाव, पण डोळ्यांवर लावू नकोस, अपशकुन असतो.

मग मला आठवलं, नगरपालिकेच्या गोदामात करड्या रंगाचे साधे मांडव आहेत. एकोणीस वर्षांच्या नोकरीचा काहीतरी उपयोग व्हावा ना! अर्ज तीन प्रतींत. मृत्यूचा दाखला. कप्तानांची शिफारस, जी मिळायला अर्धा दिवस गेला, कारण कप्तान अजून दुखावलेले होते. सगळं घेऊन गेलो तर गोदामवाला म्हणाला, निवडणुकीचा काळ आहे, वरच्या मजल्यावरून निवडणूक कचेरीची परवानगी आण. वरच्या मजल्यावर चष्म्यावरून बघणाऱ्या एक बाई होत्या.

"कशासाठी मांडव?"

"वडील गेले."

"अरेरे. उमेदवार कोण?"

"कोणी नाही."

"मग मांडव कोणाच्या नावे?"

"वडिलांच्या."

"ते उभे आहेत का?"

"नाही हो. आडवे आहेत."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग मायेने समजावल्यासारखं म्हणाल्या, "हे बघा, प्रचाराच्या काळात सरकारी मांडव बाहेर काढता येत नाही. एखाद्या उमेदवाराने स्वतःचा दिला तर आमचं काही म्हणणं नाही. तोंड असलं की कोणाचा आहे ते कळतं. बिनतोंडाचा मांडव म्हणजे संशयाला जागा."

मी घरी आलो. आई पेटीजवळ बसली होती. मी तिला सगळं सांगितलं, तर ती उठली, कपाट उघडलं आणि घरातल्या सगळ्या चादरी बाहेर काढल्या. मशीन ओढून तिने त्या एकमेकींना शिवायला घेतल्या. सत्तावन्न वर्षांचा संसार कालच संपलेला, आणि बाई पाय मारतेय. मी तिला थांबवलं नाही. मशीन थांबलं की ती रडणार हे मला दिसत होतं, आणि ते बघायचं बळ माझ्यात नव्हतं. आलिंग सेपांनी दोन पडदे दिले. मेहुण्याने बांबू आणले. गुरुवारी सकाळी आमच्या दारात गुलाबाच्या फुलांचा, निळ्या चौकड्यांचा आणि एका बाजूला बदकं असलेला मांडव उभा राहिला. तोंड एकच, बदकाचं, आणि ते कोणत्याही पक्षाचं नव्हतं. मी तातायकडे बघून म्हणालो, "झालं बघा." फार वर्षांनी मला त्यांच्यासमोर ताठ उभं राहता आलं.

हा ताठपणा दीड दिवस टिकला.

शुक्रवारी दुपारी मेयर आले. ट्रॅक्टरच्या चाकाएवढं फुलांचं चक्र, आठ माणसं आणि एक फोटोग्राफर. चक्रावर त्यांचा फोटो होता. तो मी दारातच, पाणी देण्याच्या निमित्ताने, माझ्या अंगाआड केला. मेयर अगदी रीतीने वागले. पेटीपुढे उभे राहिले, नानायचे हात हातात घेतले, म्हणाले, "मास्तरांनी मला बेरीज शिकवली." नानाय म्हणाली, "हो, मतमोजणीत ते सांगायचे तुमच्याबद्दल." मेयरांना त्यात कौतुक दिसलं. मग ते म्हणाले, "येतो आम्ही," आणि बाहेर मांडवाखाली थांबले, फोटोसाठी.

फोटोग्राफर मागे सरकत सरकत गेला आणि त्याचा पाय दोरीत अडकला. एक बांबू वाकला, त्याने शेजारच्याला खेचलं, आणि आमच्या घरातल्या सगळ्या चादरी मेयर रोल्दान व्हिलार्मिनोंवर सावकाश उतरल्या. आतून "अरे! अरे!" असे आवाज यायला लागले. मेहुणा धावणार तोच आलिंग सेपांनी त्याचा शर्ट धरून त्याला खाली बसवलं.

"बस! पेटी घरात आहे! 'येतो' म्हणाले ना ते? निघालेल्या पाहुण्याला उठून पोचवायला जायचं नसतं!"

आणि हे खरं होतं. आमच्याकडे घरात मयत असताना जाणाऱ्याच्या पाठोपाठ कोणी उठत नाही. उठलं की मरण त्याच्याबरोबर दुसऱ्या घरी जातं. म्हणून आम्ही सगळे, मी, मेहुणा, नानाय आणि तीस-चाळीस शेजारी, हात मांडीवर ठेवून अत्यंत आदराने बसून राहिलो, आणि शहराचे मेयर आमच्यासमोर बदकांच्या चादरीत धडपडत राहिले. त्यांची आठ माणसं आत शिरली, त्यामुळे गुंता वाढला. फोटोग्राफर धंद्याला जागणारा निघाला. त्याने एकही क्षण सोडला नाही.

तासाभरात तो फोटो शहरातल्या प्रत्येक फोनवर होता. तीन वाजता हिरवा टेम्पो आला. पुतण्याने मांडव पाठवला होता, खुर्च्यांसकट, आणि त्यावर नवा कोरा फ्लेक्स, 'अन्यायापुढे न उठणाऱ्या मास्तर क्लेतो कुटुंबाला सलाम'. मी नको नको म्हणेपर्यंत खांब रोवले गेले होते. संध्याकाळ व्हायच्या आत समोरच्या बाजूला नारिंगी मांडव उभा राहिला, हिरव्याहून हातभर उंच. दोघांचे दोर एकमेकांतून गेलेले. एकीकडे नूडल्स, दुसरीकडे पेजेत शिजवलेली कोंबडी. आमच्या रस्त्यावर एवढी गर्दी मी ग्रामदैवताच्या जत्रेलाही बघितली नव्हती. लोक पेटीपाशी येऊन क्रूसाची खूण करायचे आणि मला विचारायचे, "कोंबडी कुठल्या रंगाकडे?"

माझ्या विभागप्रमुखांचाही निरोप आला. आधी सांत्वन होतं, मग 'कंत्राटाचं जुलैमध्ये बघू' असं होतं.

आणि पत्रकं! प्रत्येक येणाऱ्याच्या हातात पत्रकं, आणि प्रत्येक जाणारा ती आमच्याच खोलीत टाकून जाणार. शनिवारी सकाळपर्यंत पेटीभोवती काका-पुतण्यांचा घोट्याएवढा थर साचला. केरसुणीने दोन मिनिटांचं काम. पण पेटी घरात असताना झाडायचं नसतं. झाडलं तर घरातली माणसं एकामागून एक जातात म्हणतात. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, पण घरात नानाय एकटीच म्हातारी उरली होती, आणि अशा वेळी विश्वास नसलेला माणूसही केरसुणी हातात घेत नाही.

मी गुडघ्यांवर बसलो आणि एकेक पत्रक हाताने उचलायला लागलो. पेटीखाली शिरलो. तिथेही मेयर होते, अंगठा वर करून. बावन्न वर्षांचा मी, वडिलांच्या पेटीखाली ओणवा, आणि एकदम मला रडू फुटलं. पाच दिवसांत पहिल्यांदा.

"चुकलंच माझं, ताताय," मी म्हणालो. "ती चिठ्ठी मी आणायला नको होती. तुम्ही एकदा ओरडला असतात तरी चाललं असतं."

"ते ओरडणार होते," नानायचा आवाज आला. ती केव्हा येऊन बसली होती कोण जाणे. "तेव्हा तुझी धाकटी मुलगी आजारी होती. म्हणाले, आत्ता कसं बोलू? मग नंतर राहूनच गेलं. एकोणीस वर्षं त्यांना तेच लागून राहिलं होतं, की तुला वाटत असेल ते रागावलेत."

"रागावले नव्हते?"

"होते की. पण तुझ्यावर नाही. तुला चिठ्ठी लागावी, याच्यावर."

मी पेटीखालून बाहेर आलो, दोन्ही हातांत पत्रकं, आणि तसाच रस्त्यावर गेलो. मी फारसं ओरडणारा माणूस नाही. बाजारात परवान्याची मुदत संपलेले मासेवालेही मला चहा पाजून परत पाठवतात. पण त्या दिवशी मी काय बोललो ते आलिंग सेपा अजून सांगतात. हे मांडव काढा. हिरवा काढा, नारिंगी काढा, खुर्च्या न्या, कोंबडी न्या, हे माझ्या बापाचं मयत आहे, तुमची सभा नाही. एकाचंही तोंड मला इथे दिसायला नको!

सगळं गेलं. अर्ध्या तासात. मांडवांबरोबर खुर्च्या गेल्या, खुर्च्यांबरोबर माणसं गेली. मेयरांनी देऊ केलेली शववाहिका गेली. रस्त्यावर शेंगांची टरफलं तेवढी उरली. माझं वचन पाळलं गेलं होतं, आणि नानाय दारात बसून मोकळ्या रस्त्याकडे बघत होती.

"एकतीस वर्षं शिकवलं त्यांनी," ती एवढंच म्हणाली.

रविवारी दुपारी अंत्ययात्रा. त्याच दुपारी दोन्ही पक्षांची वाहनांची मिरवणूक. प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी कुठल्या तरी ट्रकवर होतं. पेटी उचलायला सहा माणसं लागतात. मी, मेहुणा आणि कप्तान विसेंग, जे राग विसरून आले होते, असे तीन झालो. फादर घड्याळ बघत होते.

"मी म्हटलं नव्हतं?" आलिंग सेपा म्हणाल्या. खरं तर त्यांनी म्हटलं नव्हतं, पण त्या रडत होत्या, म्हणून मी वाद घातला नाही.

तेवढ्यात कोपऱ्यावरून मांग बेर्तो आला; मांग म्हणजे आमच्याकडे दादा. ट्रायसिकल, म्हणजे भाड्याची तीनचाकी, चालवतो, साठीचा आहे, तातायचा पहिल्या तुकडीतला विद्यार्थी. अंगात नारिंगी टी-शर्ट, छातीभर मेयर. त्याच्यामागे आणखी चौघे नारिंगी, आणि त्यांच्यापासून दहा पावलं अंतर ठेवून पाच-सहा हिरवे. सगळे तातायच्याच हाताखालून गेलेले. मिरवणुकीतून उतरून आले होते, हे त्यांच्या गळ्यातल्या शिट्ट्यांवरून कळत होतं.

"पेटी उचलायला आलोय, हिल्दो," बेर्तो म्हणाला.

मी त्यांच्या छात्यांकडे बघितलं. नको म्हटलं तर पेटी उचलणार कोण? आणि हो म्हटलं तर पाच दिवस मी कशासाठी भांडलो? शेवटी माझ्या तोंडून निघालं, "मांग बेर्तो, तातायनी सांगितलं होतं..."

"माहीत आहे. काल सगळ्या रस्त्याने ऐकलंय."

त्याने तिथेच, भर उन्हात, टी-शर्ट डोक्यावरून काढला, उलटा केला आणि परत घातला. शिवण बाहेर, मेयर आत. मग बाकीच्या नारिंगींनी तेच केलं. हिरव्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि त्यांनीही. कोणी हसलं नाही.

आलिंग सेपांनी क्रूसाची खूण केली. "रानात चकवा लागला, वाट सापडेना, की माझी आजी आम्हाला कपडे असेच उलटे घालायला लावायची," त्या म्हणाल्या. "म्हणजे घरी पोचता येतं."

"मग आम्हाला कधीचंच घालायला हवं होतं," बेर्तो म्हणाला आणि पेटीची कडी धरली.

मी पुढची कडी धरायला वाकलो. बेर्तो हलला नाही. तो माझ्याकडे बघत होता. माझ्या चेहऱ्याकडे नाही, जरा खाली. मीही खाली बघितलं. माझ्याकडे चांगला पांढरा शर्ट एकच आहे, ऑफिसचा. त्याच्या खिशावर नारिंगी रेशमात नगरपालिकेचं चिन्ह आणि त्याखाली ठळक अक्षरांत 'मेयर रोल्दान व्हिलार्मिनो यांचं सेवाभावी प्रशासन'. पाच दिवस तोच धुऊन वाळवून मी घालत होतो. त्यातच मांडव शोधत हिंडलो होतो, त्यातच पेटीखाली रडलो होतो, त्यातच रस्त्यावर ओरडलो होतो. सगळ्या गल्लीने ते बघितलं होतं आणि कोणी काही बोललं नव्हतं.

नानाय पुढे आली. जणू मी शाळेला निघालोय अशी तिने माझी बटणं काढली, शर्ट उलटा केला, आणि परत बटणं लावली. उलट्या शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो. सगळे थांबले.

"चला आता," ती म्हणाली.

आम्ही पेटी उचलली. कबरस्तान चढावर आहे, वीस मिनिटांची वाट. मिरवणुकीचे भोंगे खालच्या रस्त्याने वाजत गेले. बघणाऱ्याला मास्तर क्लेतोंच्या पेटीशेजारी एकही तोंड दिसलं नाही, एकही नाव दिसलं नाही. फक्त माझ्या खिशावरचं ते भरतकाम आता आतल्या बाजूला होतं, घामाने छातीला चिकटलेलं, आणि प्रत्येक पावलाला ते मला घासत होतं.